नकाशात आपली वाडी कुठं आहे?

(वनहक्क शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना भिंतीवर नकाशा लावला होता. तो स्टेन्सिलवर काढता येत नाही, म्हणून नकाशात काय होतं ते शब्दांतच लिहिलं आहे. वाडीवर वाचून दाखवताना थांबत थांबत वाचावं.)



सकाळपासून दाव्यांच्या फायली बघून तुमचे डोळे दुखले असतील. जेवणानंतर झोप येते हेही आम्हाला माहीत आहे. म्हणून आधी एक घडलेली गोष्ट सांगतो आणि मग कायद्यात शिरतो.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाचजण एका मोठ्या कार्यालयात नकाशा बघायला गेलो होतो. बरोबर आमच्या वाडीतला एक आजा होता. तुम्ही घरी थांबा, उन्हाचा त्रास होईल, असं सांगितलं तर ऐकेना. "माझं पण बघायचं हाय," एवढंच म्हणाला. तिथल्या साहेबांनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. पिवळं म्हणजे घरं, हिरवं म्हणजे झाडी नाहीतर शेती, जाड रेघा म्हणजे रस्ते. आज्याला वाचता येत नाही, पण डोंगर त्याने आमच्याआधी ओळखला. बोट ठेवून म्हणाला, हा आपला ओहळ. मग विजेच्या मोठ्या टॉवरची लाइन सापडली. शेठच्या फार्महाऊसकडे जाणारा रस्ता सापडला. आणि जिथं आपली वाडी आहे, तिथं नुसता हिरवा रंग. एक ठिपकासुद्धा नाही.

साहेब म्हणाले, "तिथं वस्ती नाही. असती तर गावठाण दाखवलं असतं."

आजा म्हणाला, "साहेब, मी सकाळी तिथनंच निघालो."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला, नकाशाचा फोटो काढू दिला. पण म्हणाले, रेकॉर्डला नाही त्याला आम्ही काय करणार. आमचं आजचं बोलणं या "रेकॉर्डला नाही" वरच आहे.

तर हा नकाशा कशाचा? मुंबई आता मुंबईत मावत नाही. वसई-पालघरपासून खाली अलिबागपर्यंत सगळा मिळून 'मुंबई महानगर प्रदेश' झाला आहे. सहा हजार तीनशे चौरस किलोमीटरच्या वर त्याचं क्षेत्र आहे आणि त्यात नऊ महानगरपालिका आहेत. आपण समजतो आपण जंगलात राहतो. सरकारी कागदावर आपण मुंबईत राहतो! नीती आयोगाने या प्रदेशासाठी आकडा ठरवला आहे की २०३० पर्यंत इथली अर्थव्यवस्था ३०० अब्ज डॉलरची करायची. तीनशे अब्ज म्हणजे किती ते आम्हालाही डोळ्यांसमोर आणता येत नाही, पण एवढं कळतं की एवढी वाढ करायची तर जागा लागणार, पाणी लागणार आणि हात लागणार. या तिन्ही गोष्टी डोंगरपट्ट्यात आहेत.

त्यातच १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा-शेवा हा अटल सेतू सुरू झाला, समुद्रावरचा जवळजवळ बावीस किलोमीटरचा पूल. पूल झाला की पुलाच्या या टोकाला शहर येणार, हे उघडच आहे. मार्च २०२४ मध्ये अधिसूचना निघाली. उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं मिळून साधारण ३२३ चौरस किलोमीटरवर नवं शहर, आणि त्याचं नियोजन एमएमआरडीएकडे. पेपरवाले त्याला 'तिसरी मुंबई' म्हणतात. सरकारी नाव आहे कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर. यातली ८० गावं आधी नैनात होती, म्हणजे विमानतळाच्या भोवतीच्या आराखड्यात. म्हणजे एका नकाशातून उचलून दुसऱ्या नकाशात ठेवली.

नाव नीट ऐका. चिरनेर. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरच्या आक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, त्यात आपला नाग्या कातकरी शहीद झाला. आपलं जंगल आपल्याला तोडायला बंदी का, एवढाच त्यांचा प्रश्न होता. आता त्याच गावाचं नाव लावून शहर येतंय. नाव लावणाऱ्यांना नाग्या आठवला असेल असं आम्हाला वाटत नाही.

आता हे लोक शहर कसं बांधणार ते बघू. हल्ली त्यांचा एक आवडता शब्द आहे, 'मिश्र वापर'. म्हणजे असं की पूर्वी एका बाजूला कारखाने, दुसरीकडे ऑफिसं आणि तिसरीकडे घरं, आणि मधे लोकलला लोंबकळणारी माणसं. कर्जत-कसाऱ्यावरून रोज मुंबईला जाणाऱ्यांची ही दशा आपण बघतोच. म्हणून आता म्हणतात की घर, दुकान, ऑफिस, दवाखाना, शाळा एकाच ठिकाणी ठेवा. खाली दुकान, वर घर, चालत कामाला. मुंबई सोडून अशी दुसरी केंद्रं उभी करा म्हणजे सगळा भार मुंबईवर येणार नाही. त्याला ते 'ग्रोथ सेंटर' म्हणतात.

खरं सांगायचं तर ही कल्पना मूर्खपणाची नाही. चालत कामाला जाता आलं तर कोणाला नको? आमच्या काही साथींना वाटतं की आपण सरळ म्हणावं, आम्हाला नियोजनच नको. आम्हाला ते पटत नाही. नियोजन नसलं तर काय होतं तेही आपण बघितलंय. डोंगर फोडून प्लॉट पाडलेत, कंपाउंड घातलेत, कमानीवर कुठल्या तरी 'ग्रीन व्हॅली'चं नाव, आणि पावसाळ्यात सगळी माती आपल्या खाचरात. ते कोणी नियोजन करून केलं नाही, दलालांनी केलं. तेव्हा नियोजन व्हावं, पण पहिलं पान मोजणीचं असावं. कोण राहतं, कधीपासून राहतं, कशावर जगतं हे त्या पानावर हवं. ते पान त्यांच्याकडे नाही.

आणि मिश्र वापर म्हणाल तर तो आपल्याला कोणी शिकवायला नको. एकाच डोंगरावर आपली नाचणी-वरी, शेळ्यांचं रान, शेवळं-कोरळ्याची जागा, करवंदाची जाळी, सरपण, पाणवठा, देव आणि मसणवट. पण त्यांच्या नकाशात एका जागेला एकच रंग. आपला डोंगर हिरवा रंगवला की त्यांच्या हिशेबात तिथं फक्त झाडं आहेत.

मागचं थोडं सांगू, कारण तरण्या पोरांना हे माहीत नाही. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणमधल्या ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी घ्यायला सुरुवात झाली. जानेवारी १९८४ मध्ये जासई आणि दास्तान फाट्याला शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाचजण गेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं सूत्र आलं. हा मोठा विजय होता, आगरी-कोळी शेतकऱ्यांनी रक्त देऊन मिळवला, त्याला आपण कमी लेखत नाही. पुढे विमानतळाला ते साडेबावीस टक्के झालं. नैनात नगररचना योजना आल्या. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळा यांची जागा काढून घ्यायची आणि मूळ मालकाला चाळीस टक्क्यांचा प्लॉट परत द्यायचा.

आता गुंठ्यात हिशेब करा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. कागदावर बघितलं तर साडेबारा टक्क्याने पाच गुंठे, साडेबावीस टक्क्याने नऊ गुंठे, चाळीस टक्क्याने सोळा गुंठे. टक्का वाढत गेला, बरोबर? पण हा टक्का कशाचा? सातबाऱ्यावरच्या नावाचा. ज्या कातकरी भावाचं घर पिढ्यान्पिढ्या शेठच्या वरकस जमिनीवर आहे, त्याच्या शून्याचे चाळीस टक्के किती? शून्यच. टक्केवारीची कितीही मोठी लढाई जिंकली तरी आपल्या वाटणीला काही येत नाही, कारण आपण त्या हिशेबात बसलेलोच नाही.

इथं एक बारीक गोष्ट आहे ती लक्षात घ्या, वकीलसुद्धा पटकन सांगत नाहीत. सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घेतली तर बाधित कुटुंबात फक्त मालक येत नाही. त्या जमिनीवर तीन वर्षांपासून मजुरी करणारा येतो, कूळ येतं, जंगलावर जगणारा येतो, वनहक्कवाला येतो. आधी सामाजिक परिणामाचा अभ्यास करावा लागतो, माणसं मोजावी लागतात. पण जमीन संपादन न करता मालकाशी करार करून घेतली, किंवा योजना करून एकत्र केली, की टेबलाशी फक्त मालक आणि प्राधिकरण बसतं. बाकीच्यांची मोजणी कोणी करत नाही. हल्ली हीच पद्धत जास्त चालते. दिसायला गोड असते, जबरदस्ती नाही, सगळं राजीखुशीने. आमची खुशी कोणी विचारली?

आता गावठाणाकडे येतो, कारण त्या साहेबांनी तोच शब्द वापरला होता. आपल्या बहुतेक कातकरवाड्या गावठाणात नाहीत. घराखालची जमीन दुसऱ्याची. पूर्वी शेठला आपली गरज होती. राब भाजायला, लावणीला, बागेच्या राखणीला. म्हणून राहू दिलं, कोणी कागद मागितला नाही. आता शेती बंद झाली, जमिनीचा भाव वाढला, नवा मालक आला. त्याला वाडी नको आहे, मोकळी जमीन पाहिजे. पहिल्यांदा सिमेंटचे खांब येतात, मग तार येते, मग गेट. गेटवर आपलाच पोरगा सिक्युरिटीला ठेवतात. मग एक दिवस पाणवठ्याची वाट बंद. आमच्या शेजारच्या वाडीत माणूस मेला तेव्हा मसणवटीला न्यायला गेट उघडून द्यावं म्हणून दोन तास उभं राहावं लागलं. पाऊस पडत होता. हे आम्ही स्वतः बघितलं आहे, त्यामुळे यावर जास्त बोलवत नाही.

गावठाण नसल्याचे तोटे किती आहेत बघा. जनमन योजनेत कातकरी कुटुंबाला घरकुल मंजूर होतं, पण जागा तुमची नाही म्हणून अडतं. महसूल कायद्यात अशी सवलत आली की विकासाच्या पट्ट्यात असेल तर गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन घरांसाठी बिगरशेती करणं सोपं. म्हणजे खालच्या गावाला पसरायला जागा मिळाली. चांगलं झालं. पण वाडीला गावठाणच नाही तर २०० मीटर मोजायचे कुठून? उद्या वाडीभोवती हिरवा पट्टा पक्का झाला की पोराचं लग्न झालं म्हणून शेजारी खोली काढली तरी ती अनधिकृत. आणि त्याच डोंगरावर वर रिसॉर्टचं काम चाललेलं असतं, त्याला परवानगी कशी मिळाली हे आपण विचारत बसायचं.

हा हिरवा रंग म्हणून फसवा आहे. काही साथी म्हणतात की हिरवा आहे ना, मग टॉवर येणार नाहीत, आपण सुटलो. टॉवर येणार नाहीत हे खरं असेल. पण हिरवा रंग आपला हक्क सांगत नाही. दळीचंच घ्या. इंग्रजांच्या वेळेपासून ठाकूर-कातकऱ्यांना डोंगरावर नाचणी-वरी करायला दळीचे प्लॉट दिले. आपल्या आज्या-पणज्यांनी ते कसले, त्याच्या जुन्या पावत्या कोणाच्या तरी पेटीत अजून आहेत. त्या जमिनीचा वनहक्काचा दावा जोपर्यंत मंजूर होऊन नकाशावर चढत नाही, तोपर्यंत ती त्यांच्या आराखड्यात नुसती वनजमीन. नुसती वनजमीन एखाद्या रस्त्याला द्यायची झाली तर फाईल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते. त्या जमिनीवर तुमचा हक्क नोंदलेला असला तर ती फाईल तुमच्या ग्रामसभेच्या दारात आणायची वेळ त्यांच्यावर येते.

पाण्याचं थोडक्यात सांगतो, कारण पेणवाल्यांना ते आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. हेटवणे धरण शेतीच्या नावाने बांधलं, त्याचं पाणी नळाने सिडकोच्या वसाहतींना जातं. बाळगंगेचं धरण नव्या शहरांच्या पाण्यासाठीच धरलं, आणि बुडिताखालची गावं अन् वाड्या पुनर्वसनाची वाट बघत बसली. वाढीच्या आराखड्यात पाण्याचं पान जेव्हा येतं, तेव्हा शहर कुठं बसणार यापेक्षा धरण कुठं बसणार हे आधी बघा. शहराच्या हद्दीत आपली वाडी नसली तरी शहराच्या पाण्यात असू शकते.

आता पोरांचं ऐकू. काल रात्री शेकोटीजवळ दोन पोरांनी आम्हाला चांगलंच धरलं. म्हणाले, "तुम्ही नको नको म्हणता, पण इथं ठेवलंय काय? दिवाळी झाली की आईबापाबरोबर भट्टीवर जायचं, विटा पाडायच्या, उचल फेडायची. शहर आलं तर निदान मॉलमधे तरी काम मिळेल." याला आमच्याकडे सोपं उत्तर नाही. आम्ही बारावी झालो, आमच्यातल्या दोघांनी सहा महिने गोडाऊनला काम केलं, पगार वेळेवर मिळत होता हे कबूल करायला पाहिजे. भट्टीपेक्षा ते बरंच होतं. ज्या विटांनी ही शहरं उभी राहिली त्या आपल्याच लोकांनी पाडल्या, आणि त्या शहरात आपल्याला उड्डाणपुलाखाली झोपायला मिळालं. तेव्हा पोरांना शहर नको म्हणायचा अधिकार आम्हाला नाही. फक्त एक विचारतो. घर तुमच्या नावावर असताना नोकरीला गेलात तर पगार कमी वाटला की सोडून येता येतं. घर गेलेलं असताना गेलात तर कुठं परत येणार? भट्टीवाल्याची उचल आपण का घेतो? पावसाळ्यानंतर घरात दाणा नसतो म्हणून. तीच गोष्ट आहे.

आणि विकायच्या गोष्टीबद्दल. ज्या ठाकूर भावांच्या नावे मालकीची जमीन आहे, त्यांच्या दारात पांढऱ्या गाड्या यायला लागल्यात. महसूल कायद्याच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय विकता येत नाही, हे दलालालाही माहीत आहे. म्हणून तो खरेदीखत मागत नाही. तो साठेकरार मागतो, कुलमुखत्यारपत्र मागतो, वीस-पंचवीस हजार बयाणा मोजून को‍ऱ्या कागदावर अंगठा मागतो. नाहीतर दुसऱ्या तालुक्यातल्या एखाद्या आदिवासीच्या नावे घेतो, पैसा दुसऱ्याचाच. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही. ज्यांनी दिला असेल त्यांनी लाजू नका, आम्हाला सांगा. लपवलं की पुढचं अवघड होतं.

आमची स्वतःची एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही करणार नाही. वनहक्काचे दावे भरले तेव्हा आमच्या वाडीने वैयक्तिक दावे चांगले भरले. दळीचा तुकडा आणि तुकडा मोजला, नवराबायको दोघांची नावं घातली, म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. पण सामूहिक दावा राहून गेला. आम्हाला वाटलं की ओहळ, चराई, देवाची जागा ही सगळ्यांचीच, ती कोण नेणार? आज ओहळाच्या वरच्या अंगाला तार आली आहे, आणि आमच्याकडे त्या वाटेचा एक कागद नाही. ज्या आजीने आम्हाला तेव्हाच सांगितलं होतं की पोरांनो, पाण्याचं पण लिवा, ती आता नाही. आम्ही तिचं ऐकलं नाही, कारण आम्हाला फॉर्म भरता येत होता आणि तिला येत नव्हता.

आपल्या रायगडात अजून एक अडचण आहे. पालघरच्या डहाणू-जव्हारच्या भावांना पेसा कायदा आहे, कारण तो भाग पाचव्या अनुसूचीत आहे. रायगड जिल्हा त्यात नाही. तिकडचं ऐकून इथं कोणी "पेसाची ग्रामसभा" म्हणून ठराव करू नका, पहिल्याच टेबलावर उडवतील. आपल्या हातात वनहक्क कायदा आहे, तो सगळ्या देशाला लागू आहे. त्यातलं कलम ४(५) पाठ करा. दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कोणाला काढता येत नाही. त्या ग्रामसभेला किमान निम्मी माणसं हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया लागतात. मागच्या वेळी एका ठिकाणी ठराव परत आला तो याच कारणाने, बाया भात लावायला गेल्या होत्या. लावणीच्या दिवसात ग्रामसभा ठेवायची नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

काही जण म्हणतात एवढ्या मोठ्या प्रकल्पापुढं आपण काय टिकणार. याच पेण-उरण-पनवेलमध्ये ४५ गावांच्या जमिनीवर महामुंबई सेझ येणार होता, दहा हजार हेक्टरचा. तेव्हाही हेच म्हणत होते. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवण्याच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला लोकांचं मत घ्यावं लागलं. शेतकरी रांगेत उभे राहिले आणि मत दिलं. त्या सेझसाठी जमीन घेता आली नाही. पण तिथंही एक गोष्ट आम्ही विसरत नाही. मत सातबारावाल्यांचं घेतलं. त्या शेतांवर मजुरीला जाणाऱ्या आपल्या बाया त्या दिवशी कामावर होत्या.

तेव्हा आता पुढचं काम. नव्या शहराचा प्रारूप आराखडा जाहीर झाला की हरकती मागवतात, आणि हरकत घ्यायला सातबारा लागत नाही. कोणतीही व्यक्ती घेऊ शकते. पण मुदत थोडी असते आणि जाहिरात पेपरात येते, वाडीवर कोणी सांगायला येत नाही. आराखडा आल्यावर धावपळ केली तर आपण पुन्हा "रेकॉर्डला नाही" च ऐकणार. म्हणून कागद आधी तयार पाहिजे. दिवाळीच्या आत, कारण दिवाळीनंतर निम्मी वाडी भट्टीवर असते.

प्रत्येक वाडीने आपला नकाशा आपण काढायचा आहे. घरं, विहीर, झिरा, ओहळ, वाटा, चराई, दळी, देव, मसणवट. म्हाताऱ्यांनी पुढं चालायचं, पोरांनी मोबाइलवर जीपीएस घ्यायचं, बायांनी सांगायचं की सरपण कुठून आणि रानभाजी कुठून, कारण पुरुषांना ते अर्धंच माहीत असतं. त्या नकाशावरून सामूहिक दावा भरायचा. ज्यांचा भरलेला आहे पण उपविभागीय समितीकडे पडून आहे, त्यांनी पोच घेऊन यायची, आपण एकत्र जाऊ. ज्या वाड्या शेठच्या जमिनीवर आहेत त्यांनी गावठाणाचा प्रस्ताव करायचा. घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं, रेशनकार्ड, मतदारयादी, शाळेचे दाखले, जे असेल ते. एक घरपट्टीची जुनी पावती दहा भाषणांपेक्षा जास्त कामाची आहे, आमच्या या भाषणापेक्षा तर नक्कीच.

आणि ग्रामसभेचा एक ठराव, की आराखडा करण्याआधी या पंचायतीतल्या सगळ्या वाड्या, त्यांचे वनहक्काचे मंजूर आणि प्रलंबित दावे आणि पाणवठे नकाशावर दाखवावेत. ठरावाचा मसुदा या अंकाच्या शेवटच्या पानावर दिला आहे. खालच्या गावातल्या आगरी भावांशीही बोला. त्यांची लढाई टक्क्याची आहे, आपली नावाची आहे, पण ग्रामसभा एकच आहे आणि हात त्यांचेही वर व्हायला पाहिजेत. काही ठिकाणी भांडणं आहेत, गुरचरणावरून, पाण्यावरून. ती आहेत हे मान्य करूनच बोला.

आमच्या वाडीची मोजणी पुढच्या सोमवारी आहे. आजा पुढं चालणार आहे, त्याने आताच काठी तेलात घालून ठेवली आहे. शेजारच्या दोन वाड्यांनी दोन-दोन माणसं पाठवली तर त्यांना बघून शिकता येईल, म्हणजे त्यांच्याकडे आम्ही जाऊ. येताना भाकरी बांधून आणा. पाणी वर ओहळात मिळेल, तार कुठून ओलांडायची ते आम्ही दाखवू.